फुगडीची कॅसेट

चंपा रविवारी गावाला जाणार होती, आणि ती कायमचीच. देवगडजवळचं सासरचं घर दुरुस्त करून झालं होतं, भांडुपची खोली भाड्याने दिली होती, आणि तिचा नवरा धोंडिराम सगळं सामान टेम्पोत घालून पुढे गेलासुद्धा होता. चंपा लेकीकडे मागे राहिली ती डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख आहे म्हणून, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. माझ्या बायकोला, म्हणजे शेवंतीला, तिने फोनवर खरं कारण सांगितलं. निकाल लागल्याशिवाय मी जात नाही, आणि निकाल तुमच्या घरातल्या कॅसेटमध्ये आहे.

निकाल कसला, ते आधी सांगायला हवं. सत्त्याण्णव साली आम्ही भांडुपच्या एका चाळीत राहत होतो आणि चंपा आमची शेजारीण होती. चाळीच्या गणपतीत गौरीच्या दिवशी बायकांची फुगडीची स्पर्धा असे. सगळ्यात जास्त वेळ फिरेल त्या जोडीला स्टीलची कळशी. शेवंती आणि चंपा ही जोडी इतकी नावाजलेली होती की बाकीच्या जोड्या दुसऱ्या नंबरासाठीच मैदानात उतरत. त्या वर्षी मात्र ऐन रंगात दोघींचे हात सुटले. चंपा घसरत गेली ती नैवेद्याच्या पाटापर्यंत, शेवंती आपटली ती ढोलकीवाल्याच्या पुढ्यात, आणि कळशी गेली मागच्या चाळीतल्या दोन नवख्या पोरींना. हात कोणी सोडला, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या घरात राहायला आहे. चंपा म्हणते शेवंतीने सोडला, शेवंती म्हणते चंपाने. या दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली, एकमेकींच्या मुलांची लग्नं लावली, पण या एका बाबतीत कोणी तसूभरही मागे हटलं नाही.

त्या वर्षी मंडळाने पहिल्यांदाच व्हिडिओवाला बोलावला होता. त्याने काढलेली कॅसेट भाड्याचा व्हीसीआर आणून सगळ्यांनी मिळून बघायची ठरली होती. ते ठरलेलंच राहिलं. मंडळाचं पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात असायचं, त्यामुळे कॅसेटही आपोआप माझ्याकडे आली आणि आम्ही मुलुंडला राहायला आलो तेव्हा माझ्या पुस्तकांबरोबर तीही आली. मागच्या महिन्यात मी ती एका जुन्या दुरुस्तीवाल्याला दाखवली होती. त्याने झाकण उचकटून आतली पांढरी बुरशी दाखवली. एकदा चालेल, म्हणाला, दुसऱ्यांदा चालेल याचा भरवसा नाही. तेव्हा ती चालवायची ती एकदाच, आणि चालतानाच तिची डीव्हीडी करून घ्यायची. गावी चंपाच्या घरात नेटवर्क यायला माणसाला नारळाच्या झाडावर चढावं लागतं. तिच्याकडे होता तो टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर. टीव्ही टेम्पोतून गेला होता, प्लेअर मात्र तिने मुद्दाम मागे ठेवला होता.

"अहो, आयुष्यात मी तुमच्याकडे काही मागितलं नाही," शेवंती मला म्हणाली. "रविवारच्या आत एवढं एक करून द्या."

पहिलं वाक्य तंतोतंत खरं नव्हतं, पण ती दुरुस्ती करण्याची ती वेळ नव्हती.

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि त्याचा परिणाम असा झाला आहे की कुठे काही बिघडलं की पहिला संशय मला स्वतःचाच येतो. सगळ्या इमारतीचे दिवे गेले तरी मी आपल्या घरातलं बटण तपासून येतो. अशा माणसाकडे यंत्राचं काम देऊ नये. पण यंत्र आमच्या माळ्यावर होतं. आमचा मुलगा सुबोध मस्कतला नोकरीला होता तेव्हा त्याने याच कॅसेटसाठी ते आणलं होतं. एका बाजूला कॅसेटची खाच, दुसऱ्या बाजूला डिस्कचा ट्रे, आणि मधल्या बटणाने इकडचं तिकडे उतरतं. तेव्हा मी त्याचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं होतं आणि ते नीट समजल्यावर यंत्र जोडू, असं म्हटलं होतं. मग सुबोध पुण्याला गेला, यंत्र खोक्यासकट माळ्यावर गेलं, आणि नीट समजणं राहून गेलं.

आता मात्र मी ते माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. अर्धं अरबीत होतं, तेवढाच दिलासा. जोडणी मला वाटली होती तितकी भयंकर नव्हती. तीन रंगांच्या वायरी होत्या, पिवळी चित्रासाठी, पांढरी आणि लाल आवाजासाठी. पिवळी पिवळ्यात, लाल लालमध्ये. टीव्हीच्या मागे मी भिंतीला गाल लावून आडवा झालो आणि शेवंतीने वरून टॉर्च धरला. टॉर्चचा उजेड बहुतेक वेळ तिच्या बांगड्यांवर पडत होता. शेवटी मी अंदाजाने वायरी खोचल्या, रिमोटवर टीव्हीचा बाहेरच्या यंत्राचा कप्पा निवडला, आणि पडद्यावर एक स्वच्छ निळा रंग आला.

नुसता निळा रंग, त्यात काहीही नाही. पण मला इतका आनंद झाला की मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि चहा केला. साखर घालायची राहिली, आणि शेवंती काही बोलली नाही. यावरून तिलाही किती आनंद झाला होता ते समजावं.

अर्थात यंत्र सुरू करण्याआधी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू त्याशिवाय चालू होत नाही. फ्रीज, मिक्सर, सुबोधची मोटरसायकल, आणि मागच्या वर्षी माझी दातांची कवळी, म्हणजे निदान तिची डबी. या गोष्टीकडे आता माझं लक्षही जात नाही. ते जायला हवं होतं.

मग आली डिस्कची निवड. इथे माझी खरी परीक्षा होती. माहितीपुस्तकात लिहिलं होतं की कोऱ्या डीव्हीडी एका जातीच्या नसतात. एकीच्या नावात आडवी रेघ असते, दुसरीच्या नावात अधिकचं चिन्ह. काहींवर एकदाच लिहिता येतं, काही पुसून पुन्हा वापरता येतात. आपलं यंत्र रेघेवर आणि अधिकवर, दोन्हींवर लिहितं, पण दुसऱ्याच्या घरचा जुना प्लेअर एखादीच ओळखतो. तेव्हा चंपाचा प्लेअर कोणती जात मानतो, हे पाहणं आलं. मी तिला फोन केला. तिने चष्मा शोधला, प्लेअर पिशवीतून काढला आणि वाचून सांगितलं की डीव्हीडी असं आहे, मग आडवी रेघ, मग आर. रेघ आडवीच ना, उभी रेघ तिला छेदत नाही ना, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. खालीवर बघून घ्या म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "भावजी, रेघ नको आसात तर पुसून टाकतंय."

तर आडवी रेघ.

मुलुंडमध्ये मी जिथे जिथे विचारलं तिथे तिथे लोक माझ्याकडे दयेने बघत राहिले. एकाने पेन ड्राइव्ह पुढे केला, एकाने बसायला स्टूल दिलं. शेवटी घाटकोपरला स्टेशनजवळच्या गल्लीत परेश नावाच्या माणसाचं दुकान सापडलं. तो मोबाइलची कव्हरं विकतो, पण त्याच्या वडिलांच्या काळचा माल मागच्या फळीवर होता. मी डीव्हीडी म्हटल्यावर तो एकदम खुलला. काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे आता दिवाळी, असं म्हणून तो शिडीवर चढला आणि धूळ झटकत सगळ्या जाती खाली काढल्या. मी चष्मा दोनदा पुसून आडव्या रेघेची एक सुटी डिस्क निवडली.

घरी आल्यावर शेवंतीने ती माझ्या हातातून घेतली, देवासमोर ठेवून आणली आणि अदबीने, दोन्ही हातांनी, ट्रेमध्ये ठेवली. मी तेवढ्या वेळात माहितीपुस्तकाचं ते पान पुन्हा वाचून घेत होतो. ट्रे आत गेला. यंत्र घुरघुरलं, थांबलं, पुन्हा घुरघुरलं आणि पडद्यावर अक्षरं आली की ही डिस्क वापरता येत नाही.

साहजिकच मी ओळखलं की माझीच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी मी परेशकडे गेलो. त्याला म्हटलं, बहुधा मी आडवी रेघ म्हणून काहीतरी दुसरंच वाचलं असेन. तो म्हणाला, नाही काका, आडवीच आहे. मग म्हटलं, यंत्राला कदाचित अधिक आवडत असेल. आधी यंत्र चालतं का ते तर बघू, चंपाच्या प्लेअरचं पुढे बघता येईल. अधिकची एक घेतली. शेवंतीने देवासमोर ठेवून आणली, ट्रेमध्ये ठेवली. घुरघुर झाली आणि तीच अक्षरं आली.

त्याच्या पुढच्या दिवशी मी पुसून पुन्हा वापरायची जात नेली. तीही यंत्राने नाकारली. आता मला चक्कर आल्यासारखं व्हायला लागलं होतं. डोळे मिटले की आडव्या रेघा आणि अधिकची चिन्हं एकमेकांभोवती फेर धरत. सुबोधला फोन केला तर तो हसत सुटला. बाबा, ते यंत्र अजून आहे, हेच त्याला पुरेसं होतं. मग म्हणाला, आतली काच अस्वच्छ असेल. मी त्याला म्हटलं, असेल, मीच कधी पुसली नाही. त्यावर तो आणखी हसला, कारण यंत्र तर खोक्यातून परवाच निघालं होतं.

शुक्रवारी परेशने मला चहा पाजला. त्याच्या मते माझ्या एवढ्या मेहनतीला एक डिस्क पुरेशी नव्हती. त्याने पुन्हा आडव्या रेघेच्या दोन काढल्या, त्याच्याकडच्या शेवटच्या. "दोन घ्या, यार काका. एक बिघडली तर दुसरी असेल ना. आणि दुसरी पण बिघडली, तर मला फोन करा, मी दोघी मावशींना इथे बोलावतो आणि रस्त्यावरच परत फुगडी घालू." कारण एव्हाना मी त्याला फुगडीचं सगळं सांगून टाकलं होतं. मी सहसा कोणाला काही सांगत नाही. पण त्या आठवड्यात मी जरा वेगळाच झालो होतो.

शनिवारी दुपारी चंपा आली. एका पिशवीत प्लेअर, दुसऱ्या पिशवीत जाड घावनांसारख्या गोड खापरोळ्या. दारातूनच तिने विचारलं की झालं का. शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं. मग मी नाकारलेल्या तिन्ही डिस्क चंपाला दाखवल्या आणि चूक बहुधा माझीच आहे, पण कुठली ते सापडत नाही, असं सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने प्लेअर टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून पदराने तोंड पुसलं. उद्या दुपारची गाडी होती. इतकी वर्षं जिने दर भेटीत हा विषय काढला, ती त्या क्षणी तो काढेना. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

चौथी डिस्क शेवंतीने देवासमोरून आणली, ट्रेमध्ये ठेवली, आणि आम्ही तिघांनी श्वास रोखून घुरघुर ऐकली. तीच अक्षरं आली. मी ट्रे बाहेर काढला, डिस्क उचलून चंपाच्या हातात दिली आणि उरलेली एकुलती एक डिस्क उघडावी की नाही, याचा विचार करत बसलो.

चंपाने डिस्क चकाकत्या बाजूने वळवली. आरशासारखी दिसली म्हणून तिने त्यात आपलं तोंड पाहिलं. कपाळावरचं कुंकू जरा खाली सरकलेलं दिसलं. तिने बोटाने ते वर केलं. पुन्हा पाहिलं. कुंकू होतं तिथेच. तिने मान डावीकडे केली. कुंकू डावीकडे गेलं नाही. मान उजवीकडे केली. कुंकू जागचं हललं नाही. मग तिने पदराने कपाळ साफ पुसून टाकलं आणि पुन्हा डिस्कमध्ये पाहिलं.

"गो शेवंते," ती म्हणाली, "ह्या कुंकू माझ्या कपाळार नाय. ह्या हेच्यार आसा."

मी डिस्क हातात घेतली. मधल्या भोकाच्या कडेला, जिथून यंत्र वाचायला सुरुवात करतं नेमकं तिथे, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक असं बोट ओलं करून लावलेलं होतं. मी बाकीच्या तिन्ही पाहिल्या. सगळ्या सवाष्णी होत्या.

शेवंतीला यात काय चुकलं तेच कळेना. नवी वस्तू कोरीच वापरायची का, असा तिचा प्रश्न होता. मी म्हटलं की अगं, पण या बाजूला का. तर ती म्हणाली की चकाकतं, आपलं तोंड दिसतं, म्हणजे तीच तोंडाची बाजू नाही का, पाठीला कोण कुंकू लावतं. आठवडाभर मी डिस्कच्या नावातली रेघ तपासत होतो, आणि डिस्क एकदाही उलटी करून पाहिली नव्हती. चूक शेवटी माझ्याकडेही थोडी आलीच. आणि खरं सांगायचं तर या वेळी ती अर्धीच माझी होती, हे कळल्यावर मला हसू यायला लागलं. आधी आतल्या आत, मग बाहेर. मग चंपा हसली. मग शेवंती, मी काय गुन्हा केला, असं म्हणत म्हणत हसली. आम्ही तिघं इतके हसलो की शेजारच्या श्रुतिकाने बेल वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. चंपाने तिला एक खापरोळी दिली आणि दार लावून घेतलं.

एक डिस्क पुसून पाहिली, तर हळदीचा डाग काही जाईना आणि वर पदराच्या जरीचे ओरखडे उठले. राहिली शेवटची. ती कोरीच वापरावी, असं मी सुचवलं. शेवंती म्हणाली की शेवटचीच कोरी वापरली आणि तीही बिघडली, तर जन्मभर तुम्हाला ऐकवीन. चंपाही तिच्याच बाजूची झाली. अखेर तोडगा निघाला. डिस्क मी कडेने धरली, छापील बाजू वर केली आणि शेवंतीने कोरड्या कुंकवाची चिमूट तिच्यावर नुसती टेकवली. मी वरून हलकी फुंकर मारली. त्या फुंकरीवरूनही थोडा वाद झाला.

ट्रे आत गेला. यंत्र घुरघुरलं, आणि या वेळी पडद्यावर आलं की डिस्क तयार आहे.

मी कॅसेट खाचेत सारली. बटण दाबलं. पडद्यावर आधी बर्फासारखे ठिपके आले, आडव्या पट्ट्या वर चढत गेल्या, आणि मग अचानक आमची चाळ आली. पताका, पिवळे बल्ब, आणि माणसं. सगळी तरुण होती. धोंडिरामच्या डोक्यावर केस होते, ते पाहून चंपाने चष्मा पुसून पुन्हा घातला. कोण कोण होतं, कोण कोण गेलं, हे दोघी हळू आवाजात सांगत होत्या. एका कोपऱ्यात, सगळ्या गर्दीकडे पाठ करून कपाटातली पुस्तकं लावणारा एक माणूस दिसला. शेवंती म्हणाली, हे बघा आमचे हे. पाठ चांगली आली होती.

आरती झाली, गौरीची ओवाळणी झाली. मग फुगडी आली. एकेक जोडी येत होती आणि दमून बाजूला होत होती. शेवटी दोघी आल्या. शेवंतीने पदर खोचला, चंपाने केस बांधले, हात हातात घेतले, पाय जुळवले, आणि मागे झुकून सुरू झाल्या. मी त्या दिवशी पाठ करून उभा होतो, त्यामुळे मीही हे पहिल्यांदाच बघत होतो. त्या फिरत नव्हत्या, दोघींमधला तो एक बिंदू त्यांना फिरवत होता. साड्यांचे रंग एकमेकांत मिसळून गेले. यंत्रात डिस्क फिरत होती, तिचा बारीक आवाज येत होता. सोफ्यावर बसलेल्या दोघींचे पाय आपसूक जमिनीवर ताल धरत होते.

"आता," शेवंती म्हणाली. "आता बघ."

सोफ्यावरच्या दोघी पुढे झुकल्या. पडद्यावर वेग आणखी वाढला. चंपाचा एक पाय जरा घसरला. हात ताणले गेले. आणि नेमक्या त्या क्षणी पडद्याच्या चारी बाजूंनी गुलाबी रंग आत आला, चित्र आकसत आकसत बदामाच्या आकाराचं झालं, तो बदाम गरगर फिरत छोटा होत गेला, त्याचे दोन झाले, चाराचे आठ झाले, सगळे बदाम उडून गेले आणि मधून एक कमळ उमललं. कमळाच्या आत गणपतीची शेजारती चालू होती.

दोघी तशाच पुढे झुकून पडद्याकडे बघत राहिल्या.

"ह्यो बदाम खयसून इलो," चंपा म्हणाली.

व्हिडिओवाल्याने स्वतःची कला दाखवली होती. लग्नांच्या कॅसेटमध्ये वधू-वर एकमेकांकडे बघतात तिथे तो हे वापरत असणार. दोघी पडणार हे दिसल्यावर त्याला ते बरं दिसणार नाही असं वाटलं असेल, आणि त्याने वर बदाम घातला. मी हे समजावून सांगितलं, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दोघी मिळून व्हिडिओवाल्याला शिव्या घालत होत्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांचा या विषयावर एकच पक्ष होता.

कॅसेट शेवटपर्यंत चालली आणि संपल्यावर आत काहीतरी कट्कन तुटलं. दुरुस्तीवाला बरोबर बोलला होता. पण डिस्कवर सगळं उतरलं होतं. एक काम मात्र राहिलं होतं. माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं आहे की लिहून झालेली डिस्क शेवटी बंद करावी लागते, नाहीतर ती फक्त आपल्याच यंत्रात दिसते. मला हे चटकन समजलं, कारण ते बांधणीसारखं आहे. पानांचे फॉर्म छापून झाले तरी शिवून पुठ्ठा चढवल्याशिवाय ते पुस्तक होत नाही, आणि एकदा पुठ्ठा चढला की नवं पान घालता येत नाही. मी ते बटण शोधलं, यंत्राने खात्री आहे का असं विचारलं, आणि माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. मी शेवंतीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी हो म्हटलं.

मग चंपाचा प्लेअर जोडला. पिवळी पिवळ्यात, लाल लालमध्ये, या वेळी टॉर्चशिवाय. डिस्क त्यात घातली. आमची चाळ पुन्हा आली, स्वच्छ. मी खुर्चीत बसलो. जमलं होतं. मला जमलं होतं. चंपाने रिमोटने सरळ फुगडीवर उडी मारली, बदाम येईपर्यंत पाहिलं, मागे घेतलं, पुन्हा पाहिलं. बदाम दर वेळी वेळेवर आला.

"हात तुयाच सोडलंस," ती म्हणाली.

"तू सोडलास," शेवंती म्हणाली. "घामाने सुटला म्हणालीस तेव्हा. आठवतंय मला."

"मिया सोडूक नाय."

आणि मग त्यांनी टेबल भिंतीकडे सरकवलं. मला आधी वाटलं, झाडायचं असेल. शेवंतीने पदर खोचला. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. तिने गुडघ्यांना विचारून मला कळवते, असं सांगितलं. मला पंच म्हणून दाराजवळ उभं केलं आणि नजर फक्त हातांवर ठेवायची, तोंडाकडे बघायचं नाही, अशी ताकीद दिली. दोघींनी हात हातात घेतले, पाय जुळवले आणि मागे झुकल्या.

पहिले दोन फेरे सावकाश झाले. मग वेग आला. कुठून आला ते कळलं नाही. खिडकी, टीव्ही, पुस्तकांचं कपाट, सगळं त्यांच्याभोवती फिरतंय असं वाटायला लागलं. बांगड्या वाजत होत्या, खालच्या मजल्यावर कोणीतरी पंखा पडला का म्हणून ओरडलं, शेवंतीचा अंबाडा सुटला, आणि चंपा खिंकाळल्यासारखी हसत होती. मग शेवंतीचा पाय सतरंजीच्या कडेला गेला.

धप् असा आवाज झाला. एक सोफ्यावर होती, दुसरी गाद्यांच्या गठ्ठ्यावर. दोघी धडधाकट होत्या आणि हसत होत्या, आणि धाप लागलेल्या आवाजात दोघींनी एकाच वेळी मला विचारलं की हात कोणी सोडला.

मी कबूल केलं की पाय सतरंजीकडे जाताना दिसला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

मग चंपाने उठून साडी नीट केली, डिस्क पाकिटात घातली आणि ते पाकीट पिशवीत कपड्यांच्या मधे ठेवलं. "व्हिडिओवाल्यान बदाम घातल्यान, भावजींनी डोळे मिटल्यानी," ती म्हणाली. "निकाल कसो लागतलो? मिया गौरीक येतंय. तवसर दुसरो पंच बघून ठेवा."

शेवंतीने तिला गौरीच्या आधी चार दिवस ये, सराव करायला हवा, असं बजावलं.

आता चंपाला जाऊन पंधरा दिवस झाले. डिस्क तिथे चालते आणि वाडीतल्या बायका रोज जमतात, असं धोंडिराम नारळावर चढून फोनवर सांगतो. त्यांच्यात दोन तट पडले आहेत. इथे हळदकुंकू लागलेल्या चार डिस्क उरल्या. फेकून द्याव्यात तर शेवंती म्हणते की पूजा झालेल्या वस्तू कचऱ्यात जात नाहीत. म्हणून तिने दोरा ओवून त्या बाल्कनीत टांगल्या आहेत, कबुतरं येऊ नयेत म्हणून. वारा आला की चारही गरगर फिरतात आणि भिंतीवर कवडसे धावतात. कबुतरं येतातच, आणि कठड्यावर बसून बघत राहतात. मीही पुस्तक मिटून बघत बसतो.